तीन फ्लॉपी आणि एक जुने खाते

व्यापारी घराण्यात जुनी वही सहसा टाकून दिली जात नाही. लाल कापडात बांधून ती माडीवर ठेवली जाते. कधीतरी कुणाच्या तरी हक्काचा प्रश्न उभा राहतो, आणि मग चाळीस वर्षांपूर्वीचे पान उलगडून पाहावे लागते. परंतु गेल्या तीस वर्षांत आपल्या वह्या संगणकात गेल्या आणि जपणुकीचा हा संस्कार मात्र मागे राहिला. वही उघडायला दोन हात पुरतात. संगणकातील खाते उघडायचे तर ते यंत्र, त्याची कार्यप्रणाली आणि तो हिशेबाचा प्रोग्रॅम ही तिन्ही जिवंत असावी लागतात. सांगलीतील हळदीच्या एका जुन्या अडत पेढीला २०२४ साली याचा जो अनुभव आला, तो प्रत्येक व्यापारी कुटुंबाने लक्षात ठेवावा असा आहे.

चिठ्ठी आली

फेब्रुवारी महिन्यात मिरजेजवळच्या खेड्यातील एक शेतकरी पेढीवर आला. वडिलांच्या पश्चात ट्रंक आवरताना त्याला एक चिठ्ठी सापडली होती. ऑक्टोबर १९९८ च्या पहिल्या तारखेची. हळदपट्टीचे २०,००० रुपये पेढीवर ठेव म्हणून जमा, दरसाल दर शेकडा ९ रुपये सरळ व्याज, आणि खाली पेढीच्या धाकट्या मालकांची सही.

"शेठ, भांडायला आलो नाही. वडिलांनी पैसे परत घेतले होते का, एवढंच सांगा," तो म्हणाला.

पेढीचे थोरले मालक, ज्यांना सारी पेठ तात्या म्हणते, ते चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ गप्प राहिले. सही त्यांच्या धाकट्या भावाची होती. अण्णांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. त्या सालच्या रोकडवह्या व खतावण्या तळमजल्यावर होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले, तेव्हा त्यांचा लगदा झाला. पुढच्या वर्षांच्या हिशेबात या शेतकऱ्याच्या नावाचे खातेच नव्हते. रक्कम दिली म्हणावी तर पुरावा नाही, दिली नाही म्हणावी तर तोही नाही.

"पंधरा दिवस द्या. कागद सापडला तर कागद दाखवीन, नाही सापडला तर चिठ्ठी खरी धरीन," तात्यांनी शब्द दिला.

तेव्हा त्यांना अण्णांचा लॅपटॉप आठवला. १९९५ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, ४८६ प्रोसेसरचा, ४ एमबी मेमरीचा, काळ्यापांढऱ्या पडद्याचा. मार्च १९९९ पर्यंतचे हिशेब अण्णांनी त्यावरच ठेवले. २००० साल उगवताच दोन अंकी वर्ष लिहिणारे प्रोग्रॅम गोंधळतील अशी धास्ती तेव्हा सर्वत्र होती, म्हणून १ एप्रिल १९९९ पासून पेढीने नवा संगणक व नवा प्रोग्रॅम घेतला. जुना लॅपटॉप माडीवरच्या कपाटात गेला. त्याच्यासोबत एका डब्यात फ्लॉप्या होत्या, आणि पेनाच्या टोपणाएवढे एक ठोकळेवजा कुलूप होते.

घाई नडली असती

अण्णांचा नातू पुण्याला संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. तो शनिवारी आला. अडॅप्टरचा दाब मोजून मगच त्याने यंत्र सुरू केले. पडद्यावर तारीख उमटली १ जानेवारी १९८०. डॉसची कालगणना याच दिवसापासून सुरू होते. मुख्य फळीवरील छोटी बॅटरी संपली की यंत्र आपली तारीख विसरते आणि आपल्यात कोणती हार्ड डिस्क आहे हेही विसरते. बॅटरी गळून आजूबाजूला हिरवट क्षार साचला होता. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा क्षार अल्कधर्मी असतो, म्हणून तो व्हिनेगरच्या बोळ्याने पुसावा लागला. नवी बॅटरी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने जोडून दिली. हार्ड डिस्कची माहिती पुन्हा भरल्यावर पडदा एवढेच सांगू लागला की डिस्कवर कार्यप्रणाली नाही. आतून टिक्‌टिक् असा आवाज येत होता.

बाजारातील एका दुरुस्तीवाल्याने सोपा उपाय सुचवला, "फॉरमॅट करून डॉस नव्याने टाकू, अर्ध्या तासाचं काम." हे खरेच अर्ध्या तासाचे काम होते. पण त्यात खतावणीची अनुक्रमणिका नव्याने कोरी लिहिली गेली असती. नातवाने नकार दिला. तो म्हणाला, "तात्या आजोबा, आधी नक्कल, मग दुरुस्ती."

ही नक्कलही सहज झाली नाही. यूएसबीच्या बाजारी जोडणीला ती हार्ड डिस्क ओळखूच येईना. तीस वर्षांपूर्वीच्या काही डिस्क स्वतःवरील जागा सिलिंडर, हेड व सेक्टर या जुन्या हिशेबानेच सांगतात, आणि आजच्या जोडण्यांना ती भाषा येत नाही. अखेर बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून आयडीई जोडणी असलेला जुना संगणक मिळाला. त्यावर लिनक्स चालवून डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने नक्कल घेतली. हा प्रोग्रॅम शहाण्या वसुली कारकुनासारखा वागतो. सहज मिळणारे आधी गोळा करतो, अडलेल्या ठिकाणी डोके आपटत बसत नाही, आणि शेवटी अडलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो. रात्रभरात जवळजवळ सारी डिस्क उतरली. जे गेले ते आरंभीच्या भागातले होते. डॉसच्या मूळ फाइली गेल्या आणि फाइलींच्या जागांचा तक्ता, ज्याला फॅट म्हणतात, तोही नासला.

परंतु डॉस या तक्त्याच्या दोन प्रती ठेवते. पहिली नासली होती, दुसरी शाबूत होती. दुसऱ्या प्रतीच्या आधारे १९९८-९९ चे संपूर्ण फोल्डर बाहेर आले.

आकडे आहेत, पण वाचता येत नाहीत

आता काम झाले असे तात्यांना वाटले. फाइली नव्या संगणकात उघडल्या तेव्हा शेतकऱ्यांची नावे ओळखू येत होती, पण रकमांच्या व तारखांच्या जागी निरर्थक चिन्हे होती. आकडे यंत्राच्या द्विमान रूपात साठवलेले होते आणि त्यांची उकल त्या प्रोग्रॅमलाच ठाऊक होती. नातवाने आपल्या लॅपटॉपवर डॉसची नक्कल करणारे साधन चालवून जुना प्रोग्रॅम सुरू केला. त्याने एकच प्रश्न विचारला, कुलूप कुठे आहे?

फ्लॉपीच्या डब्यातला तो ठोकळा म्हणजेच हे कुलूप. त्या काळी चोरून नकला होऊ नयेत म्हणून हिशेबाच्या प्रोग्रॅमबरोबर असा ठोकळा मिळे. तो प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टमध्ये लावला तरच प्रोग्रॅम चाले. आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसते. म्हणजे खाते वाचायचे तर अण्णांचाच लॅपटॉप हवा, आणि त्यावर डॉस पुन्हा बसवायला हवे.

टिक्‌टिक् करणाऱ्या हार्ड डिस्कवर विसंबण्यात अर्थ नव्हता. तिच्या जागी नातवाने जुन्या कॅमेऱ्यात वापरतात तसे ५१२ एमबीचे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवले. हे कार्ड विजेच्या दृष्टीने आयडीई डिस्कसारखेच बोलते, त्यामुळे स्वस्त जोडणीवर भागते. क्षमता मुद्दाम लहान निवडली होती. त्या काळातील अनेक यंत्रांना १०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर यांपलीकडे मोजता येत नाही, आणि त्याचा गुणाकार सुमारे ५२.८ कोटी बाइटपाशी थांबतो. मूळ हार्ड डिस्क कापडात गुंडाळून बाजूला ठेवली. तिला पुन्हा हात लागणार नव्हता.

तीन फ्लॉप्यांची परीक्षा

डब्यात एमएस-डॉस ६.२२ च्या तीन मूळ फ्लॉप्या होत्या. १९९४ साली आलेली ही आवृत्ती एमएस-डॉसची स्वतंत्रपणे विकली गेलेली शेवटची आवृत्ती होय. आजच्या पिढीला तीन फ्लॉप्यांत संपूर्ण कार्यप्रणाली मावते याचे नवल वाटेल. १.४४ एमबी म्हणवणाऱ्या फ्लॉपीचा हिशेब असा आहे: दोन बाजू, प्रत्येक बाजूस ८० वर्तुळाकार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. एकूण १४,७४,५६० बाइट. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही त्यात आज मावत नाही. म्हणूनच फ्लॉपीवरील फाइली दाबून लहान केलेल्या असतात. त्याची एक किंमतही असते. दाबलेल्या फाइलीतील एक सेक्टर नासला तरी ती पूर्ण फाइल उलगडत नाही.

नातवाने प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातील छोटी खिडकी उघडी असल्याची खात्री केली. खिडकी उघडी म्हणजे लेखन बंद. मग धातूची पट्टी सरकवून आतली तबकडी उजेडात फिरवली. पहिली व तिसरी स्वच्छ होती. दुसरीवर बुरशीचे पांढुरके ठिपके होते. पुराचे पाणी माडीपर्यंत चढले नव्हते, पण ओल चढली होती.

अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालणे हा मोठा अपराध. वाचणारे हेड तबकडीला प्रत्यक्ष टेकून फिरते. बुरशी त्याला चिकटते आणि मग ते पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पाडते. म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने तबकडी हलक्या हाताने पुसली, वाळवली, आणि ड्राइव्हचे हेडही पुसले. ड्राइव्हचा रबरी पट्टा सैल पडला होता. तोही बदलावा लागला.

रविवारी सकाळी दहा वाजता पहिली फ्लॉपी आत गेली. खर्रर्र आवाज झाला, हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर सेटअपची चौकट उमटली. रिकामी डिस्क तयार करावी काय? होय. यंत्र पुन्हा सुरू झाले, कार्ड फॉरमॅट झाले, तारीख व देश विचारून झाले. टक्केवारी पुढे सरकू लागली. तात्या खुर्ची ओढून बसले होते. दुसरी फ्लॉपी मागितली गेली. ती आत घातल्यावर थोड्या वेळाने आवाज बदलला. तोच तो आवाज पुन्हा पुन्हा येऊ लागला, आणि मग वाचन फसल्याचा संदेश आला.

नातवाने तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा गाडी त्याच फाइलीवर अडली.

"आता?" तात्यांनी विचारले.

"आता दुसऱ्या ड्राइव्हला विचारू," नातू म्हणाला.

यात तथ्य होते. दोन ड्राइव्हची हेडे अगदी एका रेषेत क्वचितच असतात. एकाला जे पुसट दिसते ते दुसऱ्याला वाचता येऊ शकते. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह त्याने पुण्याहून सोबत आणला होता. त्यावर फ्लॉपी पुन्हा स्वच्छ करून वाचायला लावली. पहिल्या दोन फेऱ्यांत काही सेक्टर राहिले. तिसऱ्या फेरीत सर्व २,८८० सेक्टर उतरले. ती प्रतिमा एका चांगल्या फ्लॉपीवर लिहिली. कोरी फ्लॉपी मिळवणेही आता सोपे राहिलेले नाही. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ च्या मार्चमध्ये थांबवली. अण्णांच्याच डब्यातील एक न वापरलेली फ्लॉपी कामी आली. ही युक्ती फसली असती तर फ्रीडॉस हा मार्ग होता. १९९४ साली जिम हॉल यांनी सुरू केलेली ही मुक्त कार्यप्रणाली डॉसचे बहुतेक प्रोग्रॅम चालवते, आणि तिची फ्लॉपीवरून बसवता येणारी आवृत्तीही आहे.

दुपारी दुसरी फ्लॉपी निर्विघ्न पार पडली. तिसरीही. सर्व फ्लॉप्या काढून यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा काळ्या पडद्यावर सी अक्षर उमटले आणि त्यापुढे कर्सर लुकलुकू लागला.

अण्णांची टिपण

हिशेबाचा प्रोग्रॅम कार्डावर ठेवला, पोर्टमध्ये कुलूप लावले आणि आज्ञा दिली. प्रोग्रॅम सुरू होताच बंद पडला. एका वेळी उघडता येणाऱ्या फाइलींची संख्या अपुरी असल्याची त्याची तक्रार होती. ही संख्या कॉन्फिग नावाच्या फाइलीत लिहावी लागते, पण ती किती हवी हे कुणाला ठाऊक?

तात्या उठले आणि फ्लॉपीच्या डब्याच्या झाकणाखालचा घडी केलेला कागद घेऊन आले. अण्णांच्या बारीक अक्षरात त्यावर पाच-सहा ओळी होत्या. फाइल्स ६०, बफर्स ३०, हायमेम प्रथम, कुलूप लावल्याशिवाय सुरू करू नये. शेवटची ओळ होती, "बॅकअप दर शनिवारी, दोन प्रती."

तात्यांनी तो कागद वाचून नातवाकडे दिला आणि चष्मा पुसला.

आकडे भरले. या वेळी प्रोग्रॅम उघडला, पण त्याने आजची तारीख नाकारली. वर्षाचे दोनच अंक ओळखणाऱ्या त्या प्रोग्रॅमच्या लेखी २४ म्हणजे १९२४. ज्या भीतीने पेढीने तो सोडला होता, ती भीती खोटी नव्हती. नातवाने यंत्राची तारीख ३१ मार्च १९९९ केली. मग मेनू आला, खतावणी आली, आणि शेतकऱ्याच्या वडिलांचे नाव आले.

खात्यात चारच नोंदी होत्या. १ ऑक्टोबर १९९८, जमा २०,०००. ३१ मार्च १९९९, सहा महिन्यांचे व्याज जमा ९००. त्याच दिवशी रोख नावे १२,९००, आणि समोर रोमन लिपीतील मराठीत लिहिलेले कारण: मुलीचे लग्न. शिल्लक ८,०००.

दुसऱ्या दिवशी नव्या प्रोग्रॅममधील १ एप्रिल १९९९ च्या आरंभीच्या शिलका तपासल्या, तेव्हा उरलेला धागाही सापडला. हिशेब नव्या संगणकात नेताना लहानसहान ठेवी "संकीर्ण देणी" या एकाच खात्यात एकत्र टाकल्या गेल्या होत्या. रक्कम बुडवण्याचा कुणाचा हेतू नव्हता. तथापि नाव पुसले गेले, आणि नाव पुसले की देणे विसरले जाते.

हिशेब पुरा झाला

शेतकऱ्याला बोलावून तात्यांनी पडदा त्याच्यासमोर केला. "मुलीचे लग्न" ही अक्षरे वाचून तो म्हणाला, "खरं आहे. ताईचं लग्न त्याच वर्षी झालं. मला हे माहीत नव्हतं." २०,००० मागायला आलेल्या माणसाने १२,००० मुद्दल परत गेल्याचे तिथल्या तिथे मान्य केले.

मग तात्यांनी कागद ओढला. ८,००० वर दर शेकडा ९ ने वर्षाचे ७२० रुपये. ३१ मार्च २०२४ पर्यंत २५ वर्षांचे १८,००० रुपये. मुद्दल धरून २६,०००. रक्कम २० हजारांवर असल्याने आयकर कायद्याप्रमाणे ती रोख देता येत नव्हती. अकाउंट पेयी चेक लिहिला गेला. पेढीच्या सल्लागाराने मुदतीचा कायदा आठवून दिला होता. तात्यांचे उत्तर होते, "मुदत दाव्याला असते. शिल्लक आपल्या वहीत आहे."

"संकीर्ण देणी" या खात्यात आणखी किती नावे आहेत, याची यादी आता जुन्या लॅपटॉपवरून उतरवली जात आहे.

आपल्या कपाटात काय आहे?

फ्लॉपी ही केवळ संग्रहालयाची वस्तू झाली असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलाच्या संदेशयंत्रणेतून आठ इंची फ्लॉप्या २०१९ मध्ये हटल्या. जपान सरकारने आपल्या नियमांतील फ्लॉपीची सक्ती २०२४ मध्ये संपवली. मोठमोठ्या व्यवस्थांना जे सोडायला इतकी वर्षे लागली, ते आपल्या माडीवरच्या कपाटांतही असणारच.

या प्रकरणातून घ्यायचा बोध थोडक्यात असा. जुने यंत्र विकण्यापूर्वी त्यात काय आहे ते पाहावे. त्याच्यासोबतची कुलपे, अडॅप्टर, फ्लॉप्या व टिपणे एकाच डब्यात, कोरड्या जागी ठेवावीत. यंत्र सुरू होत नसेल तर कुणालाही फॉरमॅट करू देऊ नये, प्रथम नक्कल घ्यावी. हिशेबाचा प्रोग्रॅम बदलताना प्रत्येक खात्याची अखेरची शिल्लक नावानिशी कागदावर छापून, सह्या करून ठेवावी. लहान रकमा एकत्र कराव्या लागल्या तर त्यांची यादी सोबत जोडावी. आणि प्रती दोन ठेवाव्यात, त्याही दोन निरनिराळ्या मजल्यांवर, शक्य तर दोन निरनिराळ्या गावी.

सांगलीच्या त्या पेढीवर अण्णांचा लॅपटॉप आता तात्यांच्या गादीशेजारी, काचेच्या कपाटात असतो. महिन्यातून एकदा नातवाच्या सूचनेप्रमाणे तो सुरू केला जातो. झाकणाखाली अण्णांची टिपण पूर्वीसारखीच घडी घालून ठेवली आहे. तिच्या खाली नातवाने एक ओळ वाढवली आहे: "दुसऱ्या फ्लॉपीची नवी प्रत केली, मार्च २०२४."